कोजागरीला सर्व वयोगटांसाठी सांघिक आव्हानांचा खेळ कसा आखावा?

जुळे सोलापूरचा रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. जुळे सोलापूर भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत 72 सदनिका आहेत. यंदा कोजागरीच्या दुधापूर्वी सर्व रहिवाशांसाठी एखादा सांघिक खेळ घ्यावा, असे सांस्कृतिक समितीत ठरले असून आखणीचे काम माझ्याकडे आले आहे. आजवर संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांवरच भागवले जात असे. परंतु पहिल्या दोन फेऱ्यांत बाद झालेली मंडळी बाजूला जाऊन गप्पांत रमतात आणि शेवटी मैदानात दोन मुले व त्यांना ओरडून सूचना देणारे त्यांचे पालक एवढेच उरतात.

सुमारे 50 जण भाग घेतील, असा अंदाज आहे. त्यांत तिसरीतल्या मुलांपासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे आहेत, आणि घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा बोलल्या जातात. जागा म्हणजे बॅडमिंटनचे एक मैदान आणि इमारतीखालचे पार्किंग. वेळ साडेसात ते साडेनऊ. गट कसे पाडावेत, कोणते खेळ ठेवावेत आणि गुण कसे द्यावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, चार पुतळा अशा ठिकाणी चिठ्ठ्या ठेवून दुचाकीवरून खजिन्याचा शोध घ्यावा, असेही एका तरुण सदस्याने सुचवले आहे. त्यावरही आपले मत हवे आहे.

निवृत्त क्रीडाशिक्षक

दुचाकीचा बेत प्रथम बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. रात्रीच्या रहदारीत घड्याळाशी शर्यत लावून तरुण मुलांना रस्त्यावर सोडणे धोक्याचे आहेच, शिवाय त्या खेळात आजी-आजोबांना कामच उरत नाही, आणि आपली मूळ तक्रार तर हीच आहे की निम्मे लोक बाहेर राहतात.

माझ्या मते फिरत्या केंद्रांची पद्धत आपल्याला सर्वाधिक सोयीची ठरेल. प्रत्येकी आठ जणांचे सहा गट करावेत आणि सहा केंद्रे मांडावीत. पहिल्या शिट्टीला प्रत्येक गट एकेका केंद्रावर खेळू लागतो, दहा मिनिटांनी शिट्टी झाली की सगळे एकाच दिशेने पुढच्या केंद्रावर सरकतात. जागा बदलण्यास तीन मिनिटे धरली, तर सहा फेऱ्या 78 मिनिटांत आटोपतात आणि दोन तासांच्या वेळेत नियम समजावणे, उशिरा येणाऱ्यांना सामावून घेणे व बक्षीस देणे यांसाठी चाळीस मिनिटे हाती राहतात. कोणताही गट रिकामा बसत नाही, कोणी बादही होत नाही. शिट्टी मात्र संपूर्ण मैदानात एकाच व्यक्तीच्या गळ्यात असावी. उत्साही पालकांना शिट्ट्या वाटल्या की काय होते, हे शाळेच्या मैदानावर पुरेसे पाहिले आहे.

गुणांविषयी सांगायचे तर प्रत्येक केंद्रावर पहिल्या क्रमांकास सहा, दुसऱ्यास पाच, असे उतरत्या क्रमाने शेवटच्यास एक गुण द्यावा. यामुळे एखाद्या केंद्रावर कोणी फार पुढे गेले म्हणून सगळा निकाल तिथेच लागत नाही. केंद्रप्रमुखाने फक्त वेळ किंवा संख्या कागदावर नोंदवावी. क्रमांक सर्व फेऱ्या संपल्यावरच लागत असल्यामुळे शेवटपर्यंत कोण पुढे आहे, हे कोणालाही कळत नाही, आणि मागे पडलेला गट मधेच मन काढून घेत नाही.

अशोक चौकातील गृहिणी

वरच्या काकांनी आराखडा चांगला दिला आहे. केंद्रांवर काय ठेवावे, याविषयी मी थोडे लिहिते.

आपल्या शहरात घरोघरी सापडणारी वस्तू म्हणजे सोलापुरी चादर. एकेरी चादर जमिनीवर अंथरून तिच्यावर गटातील पाच जणांनी उभे राहावे आणि कोणाचाही पाय जमिनीला न लागता संपूर्ण चादर उलटी करून पुन्हा तिच्यावरच उभे राहावे. उरलेल्या तिघांनी, म्हणजे बहुधा ज्येष्ठांनी, बाहेरून पाहून कोणता कोपरा आधी दुमडायचा, हे सांगावे. या खेळात धडपडणाऱ्यापेक्षा शांतपणे पाहणाऱ्याचा उपयोग जास्त होतो, आणि एरवी कोणाचेही न ऐकणारी मुले आजोबांचे ऐकू लागतात. चादर जुनी व जाड असावी, आणि गुळगुळीत फरशीऐवजी मातीवर किंवा सतरंजीवर अंथरावी, म्हणजे ती घसरणार नाही.

दुसरे केंद्र चटण्यांचे. डोळे बांधून केवळ वासावरून शेंगा, कारळे, जवस, तीळ आणि लसूण-खोबरे या पाच वाट्या ओळखायच्या. काहींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून चाखायला देऊ नये आणि वास घेण्यापूर्वीही प्रत्येकाला विचारून घ्यावे.

तिसऱ्या केंद्रावर रांगोळी ठेवावी. एकाने डोळे बांधून ठिपके जोडायचे आणि इतरांनी फक्त शब्दांनी वाट दाखवायची. चौथ्या केंद्रावर लगोरी. तेथे लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी चेंडू टाकण्याची रेषा जवळ आखली की झाले.

आपल्या चार भाषांचा उपयोग पाचव्या केंद्रावर होईल. एक छोटी सूचना चार तुकड्यांत लिहावी, प्रत्येक तुकडा वेगळ्या भाषेत व तिच्या लिपीत. उदाहरणार्थ, लाल बादली शोधा, तिच्याखालची किल्ली घ्या, अमुक कुलूप उघडा, आतली वस्तू मोजा. ज्या गटात ती लिपी वाचणारे कोणी नसेल, त्यांनी प्रेक्षकांतून कोणालाही बोलावून आणावे, मात्र त्यासाठी वेळेत एक मिनिट वाढवले जाईल. कधी न बोललेल्या शेजाऱ्याचे दार त्या निमित्ताने वाजते. पाण्याचे फुगे, बादल्या भरणे वगैरे खेळ मात्र रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात कोणी सुचवले तरी स्वीकारू नयेत.

जुन्या गिरणी परिसरातील वाचक

सहाव्या केंद्रासाठी एक सूचना करतो. सुतळी बांधून तिच्यावर सोलापूरच्या इतिहासातील सहा घटनांचे पुठ्ठे, वर्ष न लिहिता, चिमट्यांनी काळानुसार लावायला सांगावे. सोलापूरच्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना (1877), डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म (1910), शहरात लष्करी कायदा (1930), महानगरपालिकेची स्थापना (1964), सोलापूर विद्यापीठाची स्थापना (2004) आणि मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी (2023). पहिल्या घटना ज्येष्ठांना ठाऊक असतात, शेवटच्या मुलांना, आणि मधल्या दोघांवरून वाद रंगतो. प्रत्येक चुकीच्या जागेसाठी तीस सेकंद वाढवावेत.

12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा पुठ्ठा मी हेतुपुरस्सर ठेवलेला नाही. त्यांच्याविषयी मुलांना जरूर सांगावे, पण हशा आणि शिट्ट्यांच्या गदारोळात नव्हे. कोणी याला अतिसंकोच म्हणेल, तरी माझे मत तेच राहील.

क्रमांकांच्या गुणपद्धतीस माझा विरोध नाही, परंतु आपल्या समितीत कोणी शेवटी रस्सीखेचीचा आग्रह धरील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मिश्र वयाच्या गटांत ती घेऊ नये. घ्यायचीच असेल, तर केवळ प्रौढांची, जाड सुती दोराने, आणि दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळण्यास सक्त मनाई करून घ्यावी. पातळ नायलॉनच्या दोराने तळहात सोलून निघतात, आणि गुंडाळलेला दोर अचानक ताणला गेला तर बोटांना गंभीर इजा होते. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर वापरता येत नाही, तेव्हा निकाल दहाच्या आत जाहीर करावा.

जुळे सोलापूरचा रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहाही केंद्रे ठरली आणि दुचाकीचा प्रस्ताव त्या तरुण सदस्यानेच मागे घेतला. लगोरीचे केंद्र त्याच्याकडे सोपवले आहे. आता अडचण गट पाडण्याची आहे. मुलांना आपापल्या मित्रांबरोबर राहायचे आहे आणि काही कुटुंबे एकत्रच खेळू इच्छितात. शिवाय परतीचा पाऊस आला तर काय करावे?

निवृत्त क्रीडाशिक्षक

गट त्याच संध्याकाळी, खेळाच्या अर्धा तास आधी पाडावेत. आधी जाहीर केले की अदलाबदलीच्या विनंत्या थांबत नाहीत. वयानुसार चार डबे करावेत: चौदापर्यंतची मुले, पस्तिशीपर्यंतचे तरुण, साठीच्या आतले आणि साठीपुढचे. प्रत्येक डब्यातून प्रत्येक गटासाठी दोन-दोन चिठ्ठ्या काढाव्यात. संख्या सारखी भरणार नाही. एखाद्या डब्यात चिठ्ठ्या कमी पडल्या तर शेजारच्या डब्यातून घ्याव्यात. उशिरा येणाऱ्याला ज्या गटात माणसे कमी, तिथे पाठवावे. आठ वर्षांखालील मुलाला मात्र आई किंवा वडिलांच्या गटात ठेवावे. ही एकच सवलत, आणि ती सर्वांना सारखी.

पावसाचे म्हणाल, तर रांगोळी, चटण्या, पुठ्ठे आणि भाषेचे केंद्र सुरुवातीपासूनच पार्किंगमध्ये मांडावे, म्हणजे पाऊस आलाच तर केवळ चादर आणि लगोरी आत हलवावी लागेल. त्यासाठी दुपारी चारपर्यंत गाड्या बाहेर काढण्याची सूचना सदस्यांना आदल्या दिवशीच द्यावी. दोन गटांचे गुण समान झाले, तर चादरीच्या केंद्रावर ज्यांना कमी वेळ लागला, त्यांना विजयी ठरवावे, आणि हा नियम खेळ सुरू होण्यापूर्वीच मोठ्याने वाचून दाखवावा.