मावशी की आत्या? नॉर्डिक खूनकथा आणि घरची भाषा

गेली कित्येक वर्षं माझ्या उशाशी एक तरी स्वीडिश खूनकथा असतेच. आधी इंग्रजी अनुवाद वाचायचे, आता अडखळत का होईना, मूळ स्वीडिश वाचते. घरात मात्र मराठी. या तिन्ही भाषा एकाच पुस्तकात समोरासमोर आल्या, तो प्रसंग आधी सांगते. मग तुम्ही लिहा. इकडे, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या नॉर्डिक देशांत, राहणाऱ्यांनी आणि इकडेच वाढलेल्यांनी तर नक्की लिहा. उत्तरं माझ्या मजकुराखाली येतील.

मी इंग्रजी अनुवाद वाचत होते आणि सोळा वर्षांची लेक तीच कादंबरी स्वीडिशमध्ये. पुस्तकाचं नाव सांगत नाही, रहस्य फुटेल. पन्नासेक पानांवर ती म्हणाली, "आई, त्या मावशीवर लक्ष ठेव." माझ्या पुस्तकात नुसती 'आंट' होती. मी तिला बापाची बहीण धरून चालले होते आणि वारसाहक्काचं माझं सगळं गणित तिथेच चुकलं होतं. स्वीडिशमध्ये आईची बहीण 'मूस्टर', बापाची बहीण 'फास्टर'. मामा-काका वेगळे, भाचा-पुतण्या वेगळे. आजीच्या बाबतीत तर ते आपल्याही पुढे आहेत: आईची आई 'मूरमूर', बापाची आई 'फारमूर'. दोन्ही टोकांच्या भाषांत असलेलं नातं मधल्या इंग्रजीत गळून पडलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती खुनामुळे नव्हे. लेकीचं मराठी सुटत चाललंय म्हणून मी वर्षानुवर्षं जिवाला घोर लावून घेतला होता. तिने 'मूस्टर' वाचलं आणि तोंडातून आपसूक 'मावशी' आलं.

*

मी स्वीडनमध्येच जन्मलो, आता 27 वर्षांचा आहे. इथे 1977पासून शाळेत घरची भाषा शिकण्याची सोय आहे, पण त्यासाठी साधारणपणे कम्यूनमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत, त्या भाषेची निदान पाच मुलं लागतात आणि शिक्षकही मिळावा लागतो. आमच्या कम्यूनमध्ये मराठी मुलं चार होतो. त्या एका मुलापायी मी देवनागरी वाचायला एकोणिसाव्या वर्षी शिकलो. बोलायला येतं, पण जोडाक्षर आलं की अजून थबकतो.

डॅनिश लेखक पीटर हॉयची स्मिला या नायिकेची कादंबरी (1992) मी त्याच सुमारास वाचली. स्मिलाची आई ग्रीनलँडची, शिकार करणारी, आणि बाप डॅनिश डॉक्टर. छपरावरून पडून मेलेल्या मुलाची बर्फातली पावलं ती वाचते आणि हा अपघात नाही हे ओळखते. सुरुवातीलाच पडणाऱ्या बर्फासाठी 'कानिक' हा ग्रीनलँडी शब्द येतो. कोपनहेगनमध्ये राहूनही बर्फ तिला आईच्या भाषेत दिसतो. मला मराठीत काय दिसतं, याचा मी बरेच दिवस विचार केला. दुखणं दिसतं. ठणका, कळ, चमक, आग. डॉक्टरांसमोर स्वीडिशमध्ये मी फक्त 'दुखतंय' म्हणू शकतो.

*

ऑस्लोहून थोडंसं. इथे ईस्टरच्या सुट्टीत खूनकथा वाचायची रीतच आहे, तिला 'पोस्केक्रिम' म्हणतात. 1923 साली एका कादंबरीची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीसारखी छापली होती: बर्गनची रेल्वे रात्री लुटली. लोकांना ते खरंच वाटलं, आणि प्रथा तिथून सुरू झाली असं सांगतात. आमच्या घरी त्या आठवड्यात मी नॉर्वेजियन पुस्तक हातात धरून मुलांना तिथल्या तिथे मराठीत सांगते. अडले की मुलंच शब्द पुरवतात.

*

हेलसिंकी. मला खूनकथेतलं व्याकरण आवडतं, त्यामुळे जरा लांबण लावते.

फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, 'हॅन'. म्हणजे खुनी अख्ख्या प्रकरणभर घरात वावरला तरी पुरुष की बाई, ते कळत नाही. इंग्रजी अनुवादकाला कुठे ना कुठे 'ही' किंवा 'शी' लिहावं लागतं, नाहीतर वाक्य वाकवावं लागतं. मी गंमत म्हणून, पण मन लावून, अशी दोन पानं मराठीत उतरवून पाहिली. पहिल्याच शब्दाला ठेच लागली: आला की आली? आपलं क्रियापद लगेच चुगली करतं. मग लक्षात आलं की मराठीत एक चोरवाट आहे. 'दार उघडलं. दिवा लावला नाही. सुरी उचलली.' इथे क्रियापद दाराशी, दिव्याशी, सुरीशी जुळतं, माणसाशी नाही. खुनी दिसतो, ओळखू येत नाही. अडचण फक्त येण्याजाण्याची, उठण्याबसण्याची. तिथे 'पावलं जिन्यावर थांबली' असं लिहून सुटले.

माझी मुलं मराठीत 'ती मुलगा' म्हणायची तेव्हा मी सारखी दुरुस्त करायचे. ती दोन पानं उतरवल्यापासून तितकी टोकत नाही. ज्या भाषेत ती दिवसभर जगतात, तिथे हा प्रश्नच नाही, हे मला तेव्हा मनापासून उमगलं.

*

शोव्हाल आणि व्हालो या स्वीडिश लेखक जोडीच्या, मार्टिन बेक या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या 1965 ते 1975 या काळातल्या. स्वीडन 'अहो'वरून 'दू'वर, म्हणजे सरसकट 'अरे-तुरे'वर आला तोही साधारण तेव्हाच. मी त्या इंग्रजीत वाचल्या, आणि माझ्या कानात बेक वरिष्ठांशी 'तुम्ही'च बोलत राहिला. इथे साहेबांना 'दू' म्हणायला मला वर्ष लागलं. मुलगा मात्र फोनवर आजोबांना 'तू कसा आहेस?' विचारतो. आजोबांना त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

*

मी लग्न करून उत्तर स्वीडनमधल्या किरुनाला आले. सासूबाई तोर्नेदालेनच्या, म्हणजे फिनलंडच्या सीमेवरच्या खोऱ्यातल्या. त्या आणि मी दोघी किरुनात घडणाऱ्या ओसा लार्सनच्या कादंबऱ्या वाचतो, त्या स्वीडिशमध्ये, मी इंग्रजीत, आणि संध्याकाळी पुढ्यात कॉफी घेऊन कोण खुनी यावर वाद घालतो. ताण वाढला की त्या पुटपुटतात, ते स्वीडिश नसतं. ती त्यांच्या आईची भाषा. एके काळी शाळेत ती बोलायला मुलांना मनाई होती, म्हणून आईने पुढे त्यांच्याशी स्वीडिशच धरलं. 2000 साली स्वीडनने तिला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला. तोवर सासूबाईंचं बोलायचं वय निघून गेलं होतं.

भाषेचं नाव मेआनकिएली. 'किएली' म्हणजे भाषा, 'मेआन' म्हणजे... इथे मी अडले. मराठीत 'आमची' म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो, 'आपली' म्हटलं तर तोही आत येतो. हा फरक मी त्यांना स्वीडिशमध्ये, हातवारे करून समजावला आणि विचारलं, यातलं कोणतं? त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, आई असेपर्यंत पहिलं. मग स्वयंपाकघरात खेळणाऱ्या नातवाकडे बघून म्हणाल्या, याच्यासाठी दुसरं लिही.

मी त्याच्या वहीत 'आपली भाषा' असं लिहून ठेवलं आहे.