बेदाण्याच्या बॉक्सवर 'त्वचेच्या कॅन्सरला अटकाव' छापावं का?

तासगावचा बागायतदार:
आमच्या गटाच्या काळ्या बेदाण्याचं नवीन पॅकिंग निघतंय. त्यावर ही ओळ हवीच, असं माझं मत. काळ्या द्राक्षाच्या सालीत रेस्वेराट्रॉल नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं. १९९७ साली 'सायन्स' नियतकालिकात आलंय की उंदरांच्या कातडीवर ते लावल्यावर गाठी फार कमी उठल्या. मालात गुण आहे तर सांगायला लाज कसली? दर पडला की आम्हालाच सोसावं लागतं.

मिरजेची सिस्टर:
दादा, तुम्हीच लिहिलंय, 'कातडीवर लावलं'. त्या उंदरांना द्राक्षं चारली नव्हती. शुद्ध रेस्वेराट्रॉल आठवड्यातून दोनदा, १८ आठवडे, आणि तेही गाठी उठवणाऱ्या रसायनासोबत त्याच जागी लावलं होतं. आपण खातो ते आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात, रक्तात मूळ रूपात जेमतेम उरतं. प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते हे खरं, पण तिथं ते थेट पेशींवर ओततात.

हरिपूरचा हळदवाला:
म्हणून काय सगळं खोटं? हळदीतलं कर्क्युमिनही अंगी लागत नाही म्हणायचे. १९९८ साली बंगळूरच्या डॉक्टरांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या रक्तात ते २० पट पोचलं. हळदीच्या दुधात मिरी घालणारी आजी अडाणी नव्हती.

कवठेमहांकाळ:
हळदवाले, माझ्या आईच्या टाचेवर काळा डाग होता. काटा मोडला असेल म्हणून आठ महिने रोज रात्री हळद उगाळून लावली, मीच लावायचो. टाच कायम पिवळी, त्यामुळं डागाच्या कडा पसरल्या ते दिसलंच नाही. मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला, तोवर जांघेत गाठ आलेली. हळदीनं कॅन्सर झाला नाही, पण हळदीच्या भरवशावर आठ महिने गेले. तुमचा बॉक्स वाचून कुणी असंच थांबलं तर?

मिरजेची सिस्टर:
आपल्याकडं मेलेनोमा बऱ्याचदा तळपायालाच होतो. वाढणारा डाग लेप न लावता दाखवा. आणि खाण्याच्या मालावर 'रोग टळतो' असं कायद्यानंही छापता येत नाही.

तासगावचा बागायतदार:
आईचं वाचून दुपारभर काही सुचलं नाही. 'कॅन्सर' शब्द काढतो. पण 'सालीत रेस्वेराट्रॉल' एवढं राहणार. ते खरं आहे, आणि त्यावर मी मागं हटणार नाही.