जाळीवर भाजण्यासाठी कोळसा कोणता घ्यावा?

प्रश्न (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार. हुरड्याच्या दिवसांत दरवर्षी आमच्या वावरात नातेवाईक जमतात. वांगी आणि रोडगे आम्ही गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतो व ते उत्तम होतात. यंदा मुलांच्या आग्रहाखातर जाळीची लोखंडी शेगडी करून घेतली आणि तिच्यावर कोंबडी भाजली. परंतु बाजारातून आणलेल्या कोळशाचा डोळे झोंबतील इतका धूर झाला, पेटवताना ओतलेल्या डिझेलचा वास मांसाला लागला आणि तुकडे वरून करपून हाडाजवळ कच्चे राहिले. थोरले बंधू म्हणतात की वणीकडचा दगडी कोळसा आणावा, कारण तो अधिक वेळ टिकतो. मला ते पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वणी, जिल्हा यवतमाळ)

आपली शंका रास्त आहे, दगडी कोळसा मुळीच आणू नका. त्यात गंधक असते आणि तो जळताना निघणारा गंधकयुक्त, डांबरट धूर थेट अन्नावर बसतो. आमच्या भागात खाणी असल्यामुळे तो सहज मिळतो खरा, पण त्याची जागा वीजकेंद्रात आहे, जेवणाच्या शेगडीत नाही.

उत्तर २ (मोर्शी तालुका, जिल्हा अमरावती)

आपल्याला मिळालेला लाकडी कोळसा बहुधा अर्धवट जळालेला किंवा ओलसर असावा. लाकूड हवा कोंडून जाळले म्हणजे त्यातले पाणी आणि धूर देणारे घटक निघून जातात व मुख्यतः कार्बन उरतो. हे काम अपुरे राहिले तर उरलेला धूर आपल्या शेगडीत निघतो. म्हणून घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत. पक्का कोळसा खणखणीत वाजतो, हाताला हलका लागतो आणि मोडल्यावर आतूनही काळा असतो. आत तपकिरी लाकूड दिसले तर तो कच्चा समजावा. बाभूळ आणि धावडा यांची लाकडे जड असल्यामुळे त्यांचा निखारा दीर्घकाळ टिकतो, आणि माझी पसंती बाभळीलाच आहे. पोत्याच्या तळाचा भुगा घेऊ नये, कारण तो हवेची वाट अडवतो. कोळसा हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात राहिलेले पोते वापरण्यापूर्वी उन्हात वाळवावे.

खरेदीची पावतीही अवश्य घ्यावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार कोळसा हे वनोपज आहे, मग त्याचे लाकूड जंगलातले असो वा नसो.

उत्तर ३ (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)

कोळसा चांगला असला तरी पेटवण्याची घाई सर्व बिघडवते. डिझेल वापरू नका. दोन्ही बाजू उघड्या असलेल्या पत्र्याच्या डब्याला खालच्या अंगाने भोके पाडावीत, तळाशी जाळी बसवावी, खाली कागद व वाळलेल्या तुराट्या ठेवाव्यात आणि वर कोळसा भरावा. हवा खालून ओढली जाते व साधारण वीस मिनिटांत निखारे तयार होतात. त्यांच्यावर राखेचा पांढरट थर येईपर्यंत मांस ठेवू नये. नंतर सर्व निखारे शेगडीच्या एकाच बाजूस सारावेत. कोंबडी आधी निखारे नसलेल्या बाजूस झाकण ठेवून शिजू द्यावी आणि शेवटी आचेवर आणून रंग चढवावा. चरबी थेट निखाऱ्यांवर गळली की ज्वाळा उठतात. आपले तुकडे करपण्याचे कारण बहुधा तेच असावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबा उद्याच करून घेतो. रात्री थंडी फार असते, तेव्हा उरलेले निखारे घमेल्यात घालून झोपायच्या खोलीत ठेवले तर चालतील का?

उत्तर ३ (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)

नाही, कृपया असे कधीही करू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. निखारे बाहेरच घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात कोंडून विझवावेत, म्हणजे उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. राखेत निखारा कित्येक तास जिवंत राहतो, म्हणून ती दुसऱ्या दिवसापर्यंत पऱ्हाटीच्या गंजीजवळ किंवा कडब्याजवळ टाकू नये.