मदत हवी आहे: भर उन्हात रोडकिंग ताकद सोडते. कॉइल, कंडेन्सर की पेट्रोल?

नमस्कार मंडळी. गाडी येझदी रोडकिंग, 1984 चं मॉडेल, 250 सीसी टू-स्ट्रोक. अजून पॉइंटवरच (ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच) चालते, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलेला नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल टाकतो. राहायला पारोळा, कामाला जळगाव. हिवाळा-पावसाळ्यात गाडीबद्दल तक्रार म्हणून नाही. एप्रिल मध्यावर आला की त्रास सुरू.

होतं असं, की सकाळी सातला निघालो तर पारोळा ते जळगाव एका दमात जाते. दुपारी परत निघताना पारा 44 च्या वर असतो. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत ठीक. पाळधी सुटली की आधी एखादा झटका बसतो. मग मिसिंग वाढत जातं, अ‍ॅक्सिलरेटर कितीही पिळला तरी गाडी साठवरून चाळिसावर येते आणि एरंडोलच्या अलीकडे बंद. कडुनिंबाखाली अर्धा तास लावली की पहिल्या-दुसऱ्या किकला चालू, आवाज एकदम खणखणीत. दहा-बारा किलोमीटरनंतर पुन्हा तेच.

आतापर्यंत प्लग नवा टाकलाय, पॉइंट साफ करून गॅप 0.4 मिमी ठेवलाय, कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) फुंकलेत, एअर फिल्टर बदललाय, सायलेन्सरमधला कार्बन काढलाय. आमचे मिस्तरी म्हणतात, "तपनी का बंद, थंडी व्हयनी का चालू. जुनी गाडी शे भाऊ, असंच चालनार." हे मला पटत नाही. हीच गाडी याच रस्त्यावर मे महिन्यात मागे कापसाचं बियाणं बांधून धावायची, मी लहानपणी पाहिलंय.

आप्पांनी (वडील) ती कापसाच्या पैशातून नवी कोरी घेतली होती. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला, तेव्हापासून मिळेल तिथून स्पेअर गोळा करून त्यांनी ती चालती ठेवली. आता त्यांच्याने किक मारवत नाही, पण मी घरी पोचलो की पहिला प्रश्न, "आज कुठे थांबली?" त्यामुळे विकायचा सल्ला तेवढा देऊ नका.

मला विचारायचंय ते हे: बंद पडलेल्या जागी, रस्त्याच्या कडेला, हातात एक पाना आणि एक प्लग असताना दोष करंटचा की पेट्रोलचा हे पक्कं कसं ओळखायचं? प्लग काढून फिनला टेकवून पाहिला, पण भर उन्हात ठिणगी दिसतच नाही. सगळेच पार्ट अंदाजाने बदलत बसलो तर पैसे जातीलच, पण चांगले जुने पार्टही हातचे जातील, त्याचं जास्त वाईट वाटतं.

प्रतिसाद (शिरपूर)

दादा, मला पेट्रोलचा संशय आहे. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे जुन्या जेटवर तुमची गाडी आपोआप लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आणि लीन चाललेली टू-स्ट्रोक जास्त तापते. शिवाय टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं असेल तर आत हवा जात नाही, पेट्रोल हळूहळू तुटतं. बंद पडली की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर दोष झाकणात.

प्रतिसाद (भुसावळ)

मी रेल्वेत इलेक्ट्रिकलला होतो, येझदी आजही चालवतो. भाऊ, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सविस्तर लिहितो.

कार्बोरेटर तापून पेट्रोल उकळत असेल तर त्रास बहुधा उलटा होतो. गाडी धावत असते तोवर टाकीतून नवं पेट्रोल येत राहतं, वारा लागतो. तापलेलं इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं उभं केलं की त्याची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते आणि मग गाडी चालू व्हायला नखरे करते. तुमची धावताना मरते आणि उभी राहिली की बरी होते. झाकणाचं भोक मात्र धावतानाच त्रास देतं, म्हणून शिरपूरकरांनी सांगितलेली तपासणी आधी करा, फुकट आहे.

दुसरं, बंद पडल्या पडल्या किक हाताने दाबून बघा. जड लागली, किंवा बंद पडताना मागून कुणी ओढल्यासारखं वाटलं असेल, तर पिस्टन धरतोय (तापून सिलिंडरमध्ये अडकतोय). मग गाडी अजिबात पळवू नका. सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा, पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर दिसतील. किक नेहमीसारखी मोकळी असेल तर ही भीती बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ताकद जायला लागली की थांबू नका, चालू गाडीतच चोक थोडा ओढा. गाडीने उचल खाल्ली तर पेट्रोल कमी पडतंय. काही फरक नाही, किंवा अजून गुदमरली, तर करंटकडे वळा.

करंटमध्ये तीन संशयित: चावीचा स्विच, कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी उडू न देणारा पार्ट), कॉइल (बॅटरीचा करंट प्लगच्या ठिणगीइतका जोरदार करणारी). स्विचसाठी बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलला एक वायर जोडून बघा. गाडी सुधारली तर स्विच. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंटमध्येच मोठी निळी-पांढरी ठिणगी उडते, पॉइंट लवकर जळून खड्डे पडतात. कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे घातलेली असते. एखादा वेढा आतून तुटत आलेला असला की थंडपणी टोकाला टोक टेकलेलं असतं आणि तापून पसरलं की सुटतं. तुमचा अर्धा तास त्यामुळेच मला बोलका वाटतो.

ओळखायचं कसं? पाण्याची बाटली आणि दोन फडके घेऊन निघा. बंद पडली की चावी काढून आधी ओला फडका फक्त कार्बोरेटरवर ठेवा, दोन-तीन मिनिटांनी किक मारा. नाही झाली तर दुसरा फडका पिळून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फक्त कॉइलवर ठेवा. कंडेन्सर तर पॉइंटच्या कव्हरखाली आहे, त्याला या फडक्याचा गारवा पोचत नाही. त्यामुळे कॉइल गार झाल्यावर लगेच चालू झाली तर बाकी दोघं सुटले.

ठिणगी बघायची तर सावलीत बघा आणि प्लग हेडच्या भोकापासून लांब टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ येते, ती पेटते. पेट्रोलचा हात लागलेला रुमाल आडोशाला धरू नका. आणि गाडी बंद पडल्यावर चावी चालू ठेवून उभे राहू नका. पॉइंट जुळलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून सतत करंट वाहतो आणि ती अजून भाजते.

धागाकर्ता

दादा, भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. सगळं करून पाहिलं.

झाकण उघडलं, आवाज नाही, फरक नाही. किक मोकळी होती. पिंपळकोठ्याजवळ ताकद जायला लागली तेव्हा चोक ओढला, गाडी जास्तच गुदमरली. थेट वायर जोडूनही तेच. मग रस्त्याकडेच्या झाडाखाली ओला फडका कार्बोरेटरवर ठेवला, उपयोग शून्य. कॉइलला हात लावला तर चटका बसून हात मागे आला. तिच्यावर पिशवीतला फडका ठेवला, चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ, आणि पहिल्या किकला गाडी चालू!

घरी येऊन आप्पांसमोर मीटर लावला. कॉइल थंड असताना हाय टेन्शनच्या वेढ्यांचं रीडिंग स्थिर होतं. अंगणात उन्हात तापत ठेवली आणि वायर जरा हलवली, तर आकडा नाचायला लागला, मध्येच पूर्ण ओपन (तार तुटल्यासारखं) दाखवला. आप्पांनी मीटर स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा तपासलं. ही कॉइल मूळची नाही, मध्यंतरी कधीतरी बसवलेली बिनानावाची आहे. आता धुळ्याहून जुन्या स्टॉकमधली आणली. कंडेन्सर तसाच ठेवलाय. नवी कॉइल बसवल्यावर काल दुपारी अडीचला जळगावहून निघालो, एरंडोलला न थांबता थेट पारोळा. पूर्ण रस्ता साठचा वेग.

आता एकच शंका उरली. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरट आहे, चॉकलेटी नाही. शिरपूरच्या दादांचं लीनचं म्हणणं इथे लागू पडतंय का? मेन जेट एक नंबर मोठा टाकू का?

प्रतिसाद (भुसावळ)

शाब्बास. आप्पांना नमस्कार सांगा.

जेटला हात लावायच्या आधी कार्बोरेटर आणि बोअरच्या (सिलिंडरच्या) मधलं पॅकिंग बघा. गाडी आयडलवर ठेवून त्या जोडावर थोडं साबणाचं पाणी सोडा. रेस बदलली तर तिथून हवा ओढतेय, पॅकिंग बदला. तसंच क्रँकचं उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं ऑइल सील तपासा. ते गेलं तरी गाडी लीन होते आणि तापल्यावर आयडल आपोआप चढतं. दोन्ही ठीक असतील तर एक नंबर मोठा जेट टाका. मग मोकळ्या रस्त्यावर किलोमीटरभर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर पळवा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग खरा रंग दाखवत नाही. जुना जेट फेकू नका, डबीत नाव लिहून ठेवा.