उत्तर: जुनी फायर अलार्म पॅनेलं कुठे शोधावीत?
आगीच्या घंटेच्या जुन्या नियंत्रण पेट्या, म्हणजे पॅनेलं, जमवायला वरच्या उत्तरात मुंबईचा चोरबाजार सुचवलाय. तुम्ही ठाण्यात राहता, मग तिथे कशाला? आधी ठाणे-बेलापूर पट्टा बघा. रबाळे-महापेत जुना कारखाना पाडायला घेतला की पॅनेल भंगारात वजनावर जातं. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यापलीकडे त्याला कोण विचारतो! रिलेवालं (विजेने खटकन उघडमीट होणाऱ्या स्विचांचं) दिसलं तर सोडूच नका, तो खटका आवाज नंतरच्या मायक्रोप्रोसेसरवाल्यात (चिपवर चालणाऱ्यात) नाही. चावी आणि दाराआतला वायरिंगचा कागद मागून घ्या. झोनच्या (इमारतीच्या एका भागातल्या डिटेक्टरांच्या तारेच्या) शेवटी लावलेले रेझिस्टर बहुधा तारांबरोबर कापले जातात. ते नसले की पॅनेल नुसतं फॉल्ट (बिघाड) दाखवत बसतं. बॅटऱ्या फुगलेल्या असतील तर घरी नेऊच नका. आणि सोबत आयोनायझेशन डिटेक्टर (धूर ओळखणारे एक प्रकारचे सेन्सर) आले तर उघडायचे नाहीत, आत अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ असतो.