दातांच्या सरकारी दवाखान्यात तारीख आठ महिन्यांनंतरची : खुर्ची न वाढवता काय करता येईल?

पाऊलवाट
सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यात दातांच्या दोनच खुर्च्या आहेत. साध्या फिलिंगची तारीख आठ महिन्यांनंतरची मिळते. तिसऱ्या खुर्चीला पैसा नाही. तारीख घेतलेले बरेच जण येतच नाहीत आणि गाल सुजून आलेल्याला मात्र परत पाठवावं लागतं. सुरुवात कुठून करावी?

दंतमूळ
यादीपासून. ती तारखेवारी चालते, दुखण्यावारी नाही, हा मूळ दोष आहे. केसपेपर काढतानाच विचारा: चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज आहे का? ताप? तोंड उघडायला त्रास? गिळायला त्रास? सूज आणि सोबत दुसरं एकही ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी तपासणी. गिळणं किंवा श्वास अडत असेल तर तिथे थांबवूच नका, थेट मोठ्या रुग्णालयात पाठवा. जबड्याखालचा संसर्ग काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. मुळासकट निखळलेला पक्का दात तर त्याच तासाचं काम. फोनवरच सांगायचं: मुळाला हात लावू नका, दुधात ठेवून आणा.

आता वेळेचं गणित. दोन खुर्च्या, सहा तास, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे दिवसाला 36 जागा. त्यातल्या 9 तातडीच्या रुग्णांसाठी राखायच्या, आधी वाटायच्याच नाहीत. नेमकं इथेच बिघडतं: सकाळी त्या मोकळ्या दिसतात, कुणीतरी नेहमीच्या तपासण्या त्यांत बसवतं आणि तातडीचे रुग्ण पुन्हा दाराबाहेर.

सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांनी बोलावणंही थांबवा. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी धोक्यानुसार 3 ते 24 महिने अंतर आहे. निरोगी तोंडाच्या माणसाची खुर्ची कीड लागलेल्याला मिळायला हवी.

सुईदोरा
यादीतली बरीच कीड ड्रिलशिवाय रोखता येते, विशेषतः मुलांच्या दुधाच्या दातांतली. 38 टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, म्हणजे कीड थांबवणारं चांदीयुक्त द्रव औषध, वापरा. ओठ-हिरडीला व्हॅसलीन लावा, कापसाच्या बोळ्यांनी दात कोरडा करा, बारीक ब्रशने औषध एक मिनिट लावून ठेवा. एका थेंबात चार-पाच दात होतात. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. एकदाच लावून सोडलं की बऱ्याच दातांत कीड परत चालू होते. थेंब काढला की लगेच वापरा, उजेडात तो खराब होतो.

रात्री आपोआप ठणकणारा दात, हिरडीवर पुवाची पुळी किंवा चांदीची ॲलर्जी असेल तर हे औषध नाही. आणि कीड कायमची काळी पडते. पालकांना आधी फोटो दाखवून लेखी संमती घ्याच, नाहीतर दात वाचूनही विश्वास जातो.

खरेदीच्या प्रस्तावात एक मुद्दा घाला: जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध आणि ग्लास आयोनोमर सिमेंट (दात भरायचं एक मिश्रण), दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. हे सिमेंट हातच्या अवजारांनी कीड खरवडून भरता येतं. एकाच पृष्ठभागाच्या खड्ड्यात चांगलं टिकतं, दोन दातांच्या मधल्या बाजूला मात्र लवकर निघतं. कालवलेल्या सिमेंटची चकाकी गेली असेल तर ते टाकून द्या. दाताला धरणार नाही.

धूपछाव
खुर्ची रिकामी, डॉक्टर हजर, पण अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात. हा अडथळा कागदावर दिसत नाही. तासाला सहा रुग्ण आणि धुणं, पाकिटबंद करणं, 134 अंशांची फेरी, वाळणं, थंड होणं धरून दोन तास. म्हणजे फिरते 12 संच आणि राखीव धरून किमान 15. फेरीतली 134 अंशांवरची फक्त तीन मिनिटं पाहून हिशोब करू नका. वाळण्याचा वेळ कापला की पाकीट ओलं निघतं आणि ओलं पाकीट निर्जंतुक धरता येत नाही. हँडपीसला (ड्रिलच्या हातात धरायच्या भागाला) प्रत्येक फेरीआधी तेल द्या, नाहीतर बेअरिंग जातं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी सोडा.

पाऊलवाट
आभारी आहे. खाजगी दंतवैद्यांना कंत्राटाने जोडलं तर?

दंतमूळ
मोबदला कशावर देता ते आधी ठरवा. इंग्लंडच्या सरकारी दंतसेवेच्या 2006च्या करारात मोबदला गुणांवर होता: एका फिलिंगलाही तेवढेच गुण आणि सहा फिलिंगलाही तेवढेच. साहजिकच जास्त कीड असलेला रुग्ण घेणं दंतवैद्याला तोट्याचं झालं. 2022 मध्ये तीन किंवा अधिक दातांच्या कामाला जास्त गुण द्यावे लागले. उलट प्रत्येक फिलिंगचे पैसे दिले तर गरज नसलेली फिलिंगं वाढतात. म्हणून नव्या रुग्णाच्या पहिल्या पूर्ण उपचाराला वेगळा, जास्त दर ठेवा आणि काही दात आधी-नंतरच्या एक्स-रेवरून पडताळा.