मदत हवी आहे: स्वस्तातला परदेशी बेदाणा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा लाडू-चिवड्याचा घरगुती व्यवसाय आहे. व्यापारी सध्या बाहेरचा बेदाणा आपल्यापेक्षा बराच स्वस्त देतोय. अफगाणिस्तानचा म्हणतो, पण खोक्यावर देशाचं नावच नाही.

इकडे मेहुण्यांची तासगावला बाग. 4 किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. शेडमध्ये जाळीवर माल वाळत असताना अवकाळी आला की हिरवा बेदाणा काळा पडतो आणि दर कोसळतो. त्यांना काय तोंड दाखवू? बरं, गिऱ्हाईक पाच रुपये जास्त द्यायला तयार नाही. आणि तिकडे पिकवणाराही शेतकरीच की!

माल नक्की कुठला, हे कळायला व्यापाऱ्याकडे कोणते कागद मागावेत? दोन्ही मिसळून वापरणारे पाकिटावर तसं लिहितात का?